दोन वाजताच्या बाई

"लाभ," आबा म्हणाले आणि त्यांनी गुलाबाची पहिली पिशवी टेम्पोत ठेवली. "दोन, तीन, चार..."

आबा म्हणजे माझे सासरे. धान्य मापताना जुनी माणसं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आबा तोच नियम रोपांना लावायचे, लिंबांना लावायचे आणि पंगतीतल्या माणसांनाही लावायचे. उरुळीजवळची आमची कौसल्या रोपवाटिका त्यांनी मी सांगतेय त्याच्या चाळीस वर्षं आधी सुरू केली, तेव्हापासून तिथे मोजताना कुणी एक म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नव्हतं.

त्या सकाळी त्यांचं मोजणं सदतीसवर अडलं, कारण मोनाली लॅपटॉप छातीशी धरून शेडनेटखालून पळत आली. मोनाली माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन तिला तेव्हा आठ महिने झाले होते.

"आबा, ताई, काउंटरवाल्यांचं ते पत्र आलं होतं ना, ते खरं निघालं. आपल्या वेबसाइटचा जुना काउंटर एक जुलैपासून बंद होतोय. चालवणारे कंपनीच गुंडाळतायत."

"म्हंजे मीटर बंद?" आबांनी सदतिसावी पिशवी हातातच धरून विचारलं.

"हो. पण बरंच झालं. मी हडपसरला नोकरीला होते तिथे एक नवीन टूल वापरायचो. किती लोक आले एवढंच नाही, कुठून आले, किती वेळ वाचलं, शेवटपर्यंत वाचलं का, तेच लोक परत आले का, सगळं दाखवतं. आणि मराठीतसुद्धा आहे."

"आणि बारा वर्षांचे आकडे?" मी विचारलं.

"ते नाही आणता येत, ताई. शून्यापासून सुरू होईल."

ती हे अगदी सहज म्हणाली. त्या शून्यात माझं काय काय जाणार होतं ते तिला ठाऊक नव्हतं, म्हणून सांगते. मी कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झालेली. या घरात आले आणि डिग्री कपाटात, मी चुलीपुढे. मग वेबसाइट निघाली. लोक झाडांविषयी विचारायचे, मी उत्तरं लिहायची. नेमकी लिहायची. कढीपत्ता का वाढत नाही? कुंडी बारा इंची घ्या, ताक पाण्यात दहापट पातळ करून महिन्यातून दोनदा घाला, शेंडा खुडा. संपलं. त्या एका पानाखाली जुना काउंटर लिहायचा, आपण तीन लाख ब्याऐंशी हजार अमुकावे पाहुणे आहात. आबा गिऱ्हाइकांना तो आकडा दाखवायचे आणि म्हणायचे, आमची थोरली. मला कुणी मेडल दिलं नव्हतं. तो आकडाच माझं मेडल होता.

"आणि खरं सांगू का ताई," मोनाली लॅपटॉप उघडत म्हणाली, "त्या जुन्या आकड्यात सगळी माणसंच असतात असं नाही. इंटरनेटवर यंत्रंही फिरत असतात, ती पान उघडून जातात. जुना काउंटर त्यांनाही मोजतो."

"म्हणजे माझं लिखाण यंत्रं वाचतात म्हण की."

"तसं नाही हो," ती ओशाळून म्हणाली. पण बोलून झालं होतं. आबांनी सदतिसावी पिशवी ठेवली आणि अडतीस म्हणून पुढे गेले.

तोवर मोनालीनेही वेबसाइटवर लिहायला सुरुवात केली होती. तिचं शिक्षण मराठी घेऊन बी.ए. कलम करताना रोपाला डोळा भरायचा तो कुठल्या बाजूने, हे तिला लग्नानंतर कळलं. तरी ती झाडांवर लिहायची आणि मला ते चालवून घ्यावं लागायचं, कारण धाकट्या सुनेचं कौतुक करायची आमच्या घरात लाट आली होती.

आठवड्याने आबांनी जेवताना जाहीर केलं. रोपवाटिकेला चाळीस वर्षं होतात. दसऱ्याला सगळ्या गिऱ्हाइकांना बागेचं एक पुस्तक वाटायचं, पाच हजार प्रती. लिखाण वेबसाइटवरचं. कव्हरावर लिहिणारीचं नाव, शिक्षणासकट.

"लिहिणारीचं की लिहिणाऱ्यांचं?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"एकीचंच. एका कुंडीत दोन रोपं लावली की दोन्ही मरत्यात. नवा मीटर एक जुलैला बसतोय, दोघी शून्यावर. घटस्थापनेला बगायचं. जिला लोकांनी जास्त वाचलं तिचं पुस्तक."

"वाचलं म्हणजे किती जण आले ते ना?" मी विचारलं.

आबांनी जरा विचार केला. "आमच्या दारात शंभर गाड्या हॉर्न वाजवून जात्यात. गिऱ्हाईक कोन? जो उतरून बगत ऱ्हातो त्यो. किती येळ वाचलं ते धरायचं."

मला तिथेच कळलं की हे जड जाणार. माझ्या पानावर माणूस येतो, वीस-बावीस सेकंदांत त्याला उत्तर मिळतं आणि तो ताक आणायला निघून जातो. माझ्या लिखाणाचं सगळं यश लोक लवकर निघून जाण्यात होतं.

पुस्तक मला हवं होतं. हे मी आजही लपवत नाही. पाच हजार घरांत जाणाऱ्या कव्हरावर उज्ज्वला कुदळे, बी.एस्सी. अ‍ॅग्री, एवढी ओळ मला हवी होती. ती गेली असती तर माझी बारा वर्षं नुसती भाकरी थापण्यात गेली असं मीच म्हणाले असते.

एक जुलैला मोनालीने नवीन टूल बसवलं. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, तिथे आम्ही तिघं लॅपटॉपभोवती बसलो. त्या टूलचं मराठी वाचून आधी हसूच आलं. येणाऱ्याला त्यात अभ्यागत म्हटलं होतं आणि पुन्हा येणाऱ्याला परत आलेले अभ्यागत.

"सरकारी बंगल्यावर आल्यागत वाटतंय," आबा म्हणाले. "आन् हे काय?"

"ही वगळायची यादी. आपल्या ऑफिसचं आणि घरचं नेट मी यात टाकलंय. आपणच आपली पानं उघडणार, ती मोजायची नाहीत."

"बराबर. घरचं मोजायचं न्हाई." आबांचा हाही एक जुना नियम होता. घरासाठी नेलेलं रोप खपात धरायचं नाही, घरच्या माणसाला गिऱ्हाईक म्हणायचं नाही.

पहिल्या आठवड्याचा अहवाल आला. माझ्याकडे दोन हजार सहाशे माणसं आली होती, सरासरी बावीस सेकंद थांबून गेली होती. मोनालीकडे आली होती दीडशे. थांबली होती सहा-सहा मिनिटं. एकूण तासांत आम्ही जवळजवळ बरोबरीत होतो. दीडशे माणसांनी दोन हजार सहाशेंची बरोबरी केली हे पाहून मला जे वाटलं त्याला हेवा हा फार सभ्य शब्द आहे.

सहा मिनिटं लोक वाचतात तरी काय, हे मला बघायचंच होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर वाचलं असतं तर ती मागे उभी राहून हरखली असती. म्हणून दुपारी दोन वाजता, भांडी झाली, आबा आडवे झाले, की मी माझा फोन घेऊन मागच्या ओसरीत जायची. तिथे घरचं नेट पोचत नसे. फोनच्याच नेटवर मी तिचं पान उघडायची. सोबत एक वही आणि लाल पेन. चुका काढायच्या, दसऱ्याच्या आत आबांपुढे ठेवायच्या, असा बेत होता.

पहिलं पान मोगऱ्याचं होतं. तिने लिहिलं होतं, "मोगऱ्याला पाणी किती घालायचं हे मला कुणी शिकवलं नाही. आई संध्याकाळी कपबश्या विसळलेलं पाणी त्याला घालायची आणि विचारायची, काय रे, आज कोण आलं होतं?" मी वहीत लिहिलं : चूक पहिली. साबणाच्या पाण्याने मुळांना अपाय. प्रमाण दिलेले नाही. पुढे तिने लिहिलं होतं की आई गेली त्या उन्हाळ्यात मोगऱ्याला कधी नव्हे इतकी फुलं आली आणि तिला त्याचा फार राग आला. यात चूक काय काढावी ते मला सुचेना. मी पुन्हा वरपासून वाचलं.

असं रोज सुरू झालं. ती दोन दिवसांआड नवं लिहायची, मी रोज वाचायची. नवं नसेल तर जुनं, आणखी चुका सापडाव्यात म्हणून. वहीत चुका वाढत होत्या. खताचं प्रमाण नाही. छाटणीचा महिना चुकीचा. जास्वंदीला उगाच बाई म्हटले आहे.

जुलै संपता संपता एकदा आम्ही दोघी माती-शेणखताच्या ढिगाशी बसून पिशव्या भरत होतो. मोनाली मध्येच हात थांबवून म्हणाली, "ताई, एक गंमत सांगू? कुणाला बोलू नका. माझी एक बाई आहे."

"कोण बाई?"

"माहीत नाही. पण रोज दुपारी दोनच्या सुमारास येते. गाव पुणे दाखवतं, मोबाइलवरून. माझं पान उघडते आणि पार शेवटपर्यंत वाचते. चौदा-चौदा मिनिटं. परत आलेले अभ्यागत, त्यात सगळ्यात वर तीच."

माझी पिशवी हातातून सुटली. माती पायावर सांडली. पुणे कसं दाखवलं म्हणाल, तर फोनचं नेट गाव असंच ढोबळ दाखवतं.

"बाईच कशावरून?" मी माती गोळा करत विचारलं. "पुरुष असेल एखादा रिकामटेकडा."

"दोन वाजता म्हणजे बाईच. सगळ्यांची जेवणं झाली, भांडी झाली, आता कुठे पाठ टेकणार, तेवढाच वेळ तिचा. आणि तो ती मला देते." तिने मनगटाने नाक पुसलं, नाकाला माती लागली. "आई गेल्यापासून ना ताई, माझं बोलणं शेवटपर्यंत कुणी ऐकलेलंच नाही. आमचे किरण बिचारे रोपांची गाडी घेऊन आठ-आठ दिवस गोवा, हैदराबाद. आले की झोपतात. तुम्ही सगळे चांगलेच आहात, पण कामाचंच बोलतो ना आपण."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. अगं वेडे, ती मी आहे, लाल पेन घेऊन बसते. मी सांगितलं नाही. एक तर लाज वाटली. दुसरं, मनात म्हटलं, हा हुकुमाचा पत्ता आहे, आत्ताच कशाला टाका. तिसरं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं.

मी वाचणं थांबवू शकले असते, पण थांबले नाही.

ऑगस्टपासून मोनालीचं लिखाण बदललं. आता ती त्या बाईसाठी लिहायला लागली. प्रत्येक लेखाची सुरुवात एकच असायची, "जेवण झालं का? बसा मग." ओसरीत बसून, नुकतीच जेवून, मी ते वाचायची. आणि काय सांगू, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मान हलवून हो म्हटलं. मग तिने त्या बाईला आमचं घर सांगितलं, नावं न घेता. आबांचं लाभ म्हणणं सांगितलं. माझ्याबद्दल लिहिलं, "आमच्याकडे एक जण आहेत, त्यांचा हात लागला की वाळकी काडी फुटते. त्यांना विचारायची मला भीती वाटते. तुम्ही असतात तर विचारलं असतं." वहीत त्या दिवशी मी तारीख टाकली आणि खाली काही लिहिलं नाही.

गणपतीत मला दोन दिवस ताप आला. ओसरीत जाणं झालं नाही. मोनालीने मला काढा करून दिला, पांघरूण घातलं, आणि काढ्याचा पेला माझ्या हातात असतानाच तिचा डोळा दाराकडे.

"काय गं, घाई आहे का?"

"नाही... ती बाई दोन दिवस आली नाही, ताई. बरं नसेल का तिला? विचारायची काही सोय नाही हो. सगळं दाखवतं हे टूल, पण हाक मारता येत नाही." असं म्हणून ती पुन्हा लॅपटॉप बघायला गेली. काढा निवला तरी परत आली नाही.

मी तापाने फणफणत पडले होते आणि मला त्या बाईचा हेवा वाटला. खरंच वाटला, अंगाची आग व्हावी असा वाटला. कोण ही, हिच्यासाठी जीव तळमळतोय, आणि मी इथे समोर पडलेय तर काढा देऊन मोकळी. ती बाई मीच आहे हे मला कळत होतं. कळून उपयोग नव्हता. मोनालीने जी माया केली ती त्या बाईवर केली. मला मिळाला तो मान. बारा वर्षांत या घरात मला मानच मिळाला होता आणि तोवर मला तो पुरत होता.

तिसऱ्या दिवशी ताप असतानाच मी ओसरीत गेले आणि तिचं पान उघडलं. संध्याकाळी ती गुणगुणत भाकऱ्या करत होती. ते गुणगुणणं ऐकून मी आणखी चिडले.

घटस्थापना आली. सकाळी आबांनी घट बसवले, परडीत माती घालून सात धान्यं पेरली आणि अकराच्या सुमारास आम्हाला ऑफिसात बोलावलं. छापखान्याचा माणूस दुपारी मजकूर न्यायला येणार होता. मी वही पदराखाली घेऊन गेले. मोनाली नवी साडी नेसून लॅपटॉपपुढे बसली होती.

"सांग," आबा म्हणाले.

"ताईंचे एकूण दोनशे तीन तास," मोनाली म्हणाली आणि थांबली. "माझे दोनशे बावीस."

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं, हे मला दिसत होतं.

"ताई, मी आबांना सांगणारच होते, दोघींचं नाव घालूया," मोनाली म्हणाली.

ती मनापासून म्हणाली असेल. पण मला ते तुकडा टाकल्यासारखं वाटलं. बारा वर्षांनी माझ्या पुस्तकात ही मला जागा देणार. मी पदराखालून फोन काढला, मांडीवर धरला आणि फोनच्याच नेटवर तिचं पान उघडलं.

त्या टूलमध्ये वरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असायचा, आत्ता वाचत असलेले. तिथे शून्य होतं. त्या जागी १ आला. खाली ओळ उमटली, पुणे, मोबाइल, परत आलेले अभ्यागत.

मोनालीचा चेहरा उजळला. तिने आबांचा हातच धरला. "आबा, ही बघा, ही माझी बाई. मी सांगितलं नव्हतं तुम्हाला. रोज दोनला येते, आज सण आहे ना, म्हणून लवकर आली."

मी फोन तिच्यासमोर टेबलावर ठेवला. पडद्यावर तिचा लेख होता. जेवण झालं का? बसा मग.

तिने आधी फोनकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. मी बोट लावून पान बंद केलं. थोड्या वेळाने हिरवा ठिपका शून्यावर आला. मी पुन्हा उघडलं, पुन्हा १ आला.

"आबा, घरचं मोजायचं नाही ना?" मी म्हणाले. "त्यातले एकोणीस-वीस तास माझे आहेत. बघा तपासून."

"तू वाचत हुतीस?" आबांनी विचारलं.

"चुका काढायला." मी वही फोनशेजारी ठेवली. "एकशे चौदा आहेत. छापायच्या आधी कुणीतरी बघायला नको?"

आबांनी वही उघडली नाही. त्यांनी गुडघ्यावरची टोपी डोक्यावर चढवली. मग हलकेच म्हणाले, "धाकटे, घरचं मोजायचं न्हाई. काढ."

मोनालीने काढलं. तिचं तिनेच, कुणी हात लावायच्या आत. माझ्या फोनची ओळ निवडली आणि वगळायच्या यादीत टाकली. पान पुन्हा भरलं. दोनशे दोन तास, चाळीस मिनिटं. मी वीस मिनिटांनी जिंकले होते.

"ताई," ती लॅपटॉप मिटत म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. "रोज शेवटपर्यंत वाचायचात?"

"चुका शेवटीही असतात," मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि वही उचलून मला परत दिली. ती उघडून तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ऑगस्टच्या मध्यानंतर त्यात फक्त तारखा होत्या. एकशे चौदा हा आकडा मी खोटाच सांगितला होता. चुका एकेचाळीसवर संपल्या होत्या. पण तिने उघडली नाही आणि मी उघडून दाखवली नाही. छापखान्याचा माणूस आला, माझा मजकूर घेऊन गेला.

दसऱ्याला पाच हजार पुस्तकं वाटली. कव्हरावर माझं नाव, डिग्रीसकट. लोकांनी ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली, आजही कुठे कुठे दिसतात, कढीपत्त्याचं पान तेलकट झालेलं. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. मोनालीनेच मला ओवाळलं.

तिने त्यानंतर एक ओळही लिहिली नाही. शेवटच्या लेखाखाली तिने लिहून ठेवलं होतं, पुढच्या वेळी अबोलीविषयी सांगेन. तो लेख आलाच नाही. दोन वर्षांनी किरणभाऊजींनी हडपसरला दुकान घातलं आणि ती दोघं तिकडे राहायला गेली. भांडण-तंटा काही नाही. सणाला येते, ताई म्हणून वाकून नमस्कार करते, माझ्या हातच्या पुरणाचं कौतुक करते. जेवण झालं का, हे मात्र तिने मला आजवर विचारलेलं नाही.

आबा जाऊन आता चार वर्षं झाली. वेबसाइट मीच बघते. मध्ये मी फोन बदलला, तेव्हा नवा फोन वगळायच्या यादीत टाकायचा राहिला. राहिला म्हणजे मी टाकला नाही. दुपारी दोन वाजता ओसरीत बसते आणि मोगऱ्यापासून सुरुवात करते. पेन घेत नाही.

टूल दर सोमवारी सकाळी अहवाल पाठवतं. बसवताना मोनालीने आम्हा दोघींचे पत्ते दिले होते, तिचा मी काढलेला नाही. ती तो उघडते का, मला माहीत नाही. त्यात तिच्या पानांची एक ओळ असते, अजून तशीच, त्याच सरकारी मराठीत. परत आलेले अभ्यागत, आणि पुढे १ हा आकडा.

आबा असते तर त्याला लाभ म्हणाले असते. मी एकच म्हणते.